रंगारी व्हायचंय की फिटर? कार आणि ट्रकची प्लास्टिक किट्स शेजारी शेजारी ठेवून

कारचं किट घेतलेला माणूस शेवटी रंगारी होतो आणि ट्रकचं किट घेतलेला फिटर. खोक्यावरच्या चित्रावरून हे कळत नाही. चित्रात दोन्ही गाड्या सारख्याच चकचकीत असतात. आतूनही दोन्हीकडे साधारण तोच ऐवज निघतो: प्लास्टिकच्या चौकटींत अडकलेले सुटे भाग, डेकलचा (पाण्यात भिजवून उतरवायच्या चित्रांचा) कागद, रबरी टायर आणि घड्या घातलेलं सूचनापत्रक. फरक कळतो तो तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा कारवाला बाल्कनीत उभा राहून बॉनेटच्या ओल्या रंगावर बसलेल्या धुळीच्या कणाकडे हताशपणे बघत असतो, आणि ट्रकवाला गाल टेबलाला टेकवून सहापैकी एक चाक अधांतरी का राहिलंय ते शोधत असतो.

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला विचारतं, "पहिलं किट कुठलं घेऊ?" प्रश्न बहुतेक वेळा कंपनीचा किंवा किमतीचा असतो. माझं उलट विचारणं असतं की तुम्हाला घासत बसायला आवडतं की जुळवत बसायला, आणि घरात फवारा मारायला जागा आहे का. या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होतो. उरलेल्या निम्म्यासाठी हा लेख.

आधी माप

१/२४ म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलवर अर्धा इंच. जपानी आणि युरोपियन कंपन्यांच्या बहुतेक गाड्या याच मापात येतात. अमेरिकन किट्स १/२५ची असतात. डेट्रॉइटच्या मोटार कंपन्या डीलरच्या काउंटरवर ठेवायला नव्या गाड्यांची छोटी प्रोमो, म्हणजे जाहिरातीची, मॉडेल्स करून घेत, ती या मापाची होती. पुढे एएमटीसारख्या मॉडेल कंपन्यांनी त्याच साच्यांतून घरी जोडायची किट्स काढली. दोन मापांतला फरक चार टक्क्यांचा, कपाटात शेजारी ठेवल्या तर डोळ्याला जाणवतही नाही. चाकं आणि टायर तर लोक बिनदिक्कत इकडचे तिकडे लावतात.

तिसरं माप १/३२. या मापात आओशिमाची 'स्नॅप किट' मालिका आहे. भाग रंगीतच येतात, दाबले की बसतात, गोंद नको, रंग नको. त्यात सुझुकीची सध्याची जिम्नी आहे, निसानची जीटी-आर आहे. जिम्नी जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची होते आणि एका दुपारी संपते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाबरोबर बसायचं असेल, किंवा आपली बोटं या कामाला चालतात का एवढंच पाहायचं असेल, तर हे घ्या. पण हा छंद कसा आहे याचा अंदाज त्यावरून येणार नाही. छंदाचा सगळा त्रास आणि सगळी गंमत त्यातून आधीच काढून टाकलेली असते.

म्हणजे खरी निवड उरते ती तिघांत: जपानी कार, अमेरिकन कार आणि ट्रक.

जपानी कार: जोडायला सोपी, रंगवायला निष्ठुर

टामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी. चौघांचं गाव जपानच्या शिझुओका प्रांतात. तिथे लाकूडकामाची जुनी परंपरा. टामियाची सुरुवातही १९४६ मध्ये लाकूड कापण्याच्या धंद्यातून झाली, मग लाकडी मॉडेल्स आली आणि १९६०च्या सुमारास प्लास्टिक. सुताराचा सांधा कसा असावा हे त्या कंपनीच्या रक्तात आहे असं मला किट उघडल्यावर दरवेळी वाटतं. टामियाचा डॅशबोर्ड गोंद न लावता नुसता टेकवला तरी जागेवर बसतो आणि हलत नाही. चौघांतही डावं-उजवं आहे. टामिया सगळ्यांत सरळ. हासेगावा नाजूक आणि काटेकोर. आओशिमाचं किट कुठल्या काळातल्या साच्यातून आलंय ते आधी पाहावं, नवं असेल तर उत्तम. फुजिमी हौशी माणसासाठी, कारण तिथे कधी कधी भागाला समजूत घालावी लागते.

यातल्या बऱ्याच गाड्या 'कर्बसाइड' असतात. म्हणजे रस्त्याच्या कडेने बघितल्यावर जेवढं दिसतं तेवढंच: बॉडी, आतल्या सीट्स, चाकं, खालची चासी. इंजिन नाही, बॉनेट बंद. काहीजण यावर नाक मुरडतात. माझ्या मते पहिल्या दोन-तीन गाड्यांसाठी हे वरदान आहे. उघडणारं बॉनेट असलं की ते कधीच धड बंद होत नाही, आणि पाहुण्यांच्या हाताला तेच आधी सापडतं.

जोडणी सोपी असल्यामुळे सगळा भार बॉडीवर येतो. बॉडी एकसंध असते, एकच भाग. ती जशी रंगेल तशी गाडी दिसणार. आतलं स्टिअरिंग कितीही सुबक रंगवा, काचेतून अर्धंमुर्धं दिसतं. आणि चकचकीत रंग काही लपवत नाही, उलट चुका वाढवून दाखवतो.

काम असं चालतं. साच्याचे तुकडे जिथे भेटतात तिथे बॉडीवर एक बारीक रेघ उठलेली असते, बहुधा मडगार्डच्या माथ्यावरून आणि मागच्या खांबावरून जाणारी. नव्या माणसाला ती दिसतच नाही, कारण प्लास्टिक पांढरं असतं. तिरप्या उजेडात धरून, नखाने चाचपून ती शोधायची आणि ६००च्या, मग १०००च्या पॉलिशपेपरने पाणी लावून घालवायची. मग भांड्याच्या साबणाने बॉडी धुवायची, वाळवायची आणि प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला हात. कोणत्या रंगाखाली कोणता प्रायमर याला महत्त्व आहे: साधारण रंगांना राखाडी, पिवळ्याला पांढरा, लालला गुलाबी. लाल प्लास्टिकवर थेट पांढरा मारू नका, खालचा लाल वर झिरपून पांढऱ्याचा फिका गुलाबी होतो.

मग रंगाचे हात. आधी दोन नुसते धुक्यासारखे, मग एक ओलसर. इथे हावरेपणा केला की रंग ओघळतो. त्यावर डेकल, त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक चकचकीत थर. मग आठवडाभर हात लावायचा नाही. वाळलं की नाही हे कसं ओळखायचं? नाकाजवळ धरून वास घ्या. थिनरचा वास येतोय तोवर आत ओलं आहे. वास पूर्ण गेला की २०००च्या, मग ३०००च्या ओल्या पॉलिशपेपरने घासून पॉलिशिंग कंपाउंड. टामियाच्या कंपाउंडमध्ये जाड, बारीक आणि शेवटचं असे तीन टप्पे मिळतात. कडा सोडून घासायचं. दाराच्या कडेवर, बॉनेटच्या घडीवर रंग पातळ बसलेला असतो आणि एका जादा फटक्यात खालचा प्रायमर उघडा पडतो. माझ्या पहिल्या पाच गाड्यांपैकी तीन याच जागी परत प्रायमरपर्यंत गेल्या.

त्यानंतर खिडक्यांची काळी रबरं, क्रोमच्या पट्ट्या (बेअर-मेटल फॉइल हा अतिपातळ चिकटपत्रा चिकटवून ब्लेडने कापायचा), वायपर, दिवे. पारदर्शक भागांना सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे आपलं फेविक्विक, लावायचं नाही. त्याच्या वाफेने काच धुरकट होते. तिथे साधा फेविकॉल. सुकल्यावर पारदर्शक होतो आणि चुकलं तर ओल्या कापसाने पुसून टाकता येतो.

एका गाडीला माझे तीस-चाळीस तास जातात, त्यातले जोडणीचे दहाही नसतात. हे गणित ज्याला आवडेल त्याने कार घ्यावी.

ट्रक: रंग चालवून घेतो, वाकडेपणा नाही

युरोपियन ट्रकमध्ये पहिलं नाव इटालेरी. बोलोन्याजवळची इटालियन कंपनी, १/२४ मध्ये स्कॅनिया, व्होल्वो, मर्सिडीज, इव्हेको सगळे. रेव्हेलच्या जर्मन शाखेनेही या मापात ट्रक काढलेत. लांब नाकाचे अमेरिकन ट्रक हवे असतील तर एएमटीची पीटरबिल्ट ३५९ किंवा रेव्हेलची केनवर्थ डब्ल्यू९००, दोन्ही १/२५.

ट्रकच्या खोक्यात कारच्या दुप्पट-तिप्पट भाग असतात आणि किंमतही साधारण दुपटीच्या घरात जाते. सुरुवात बॉडीपासून होत नाही, चासीपासून होते: दोन लांब पट्ट्या आणि त्यांच्यामधले आडवे दांडे. सगळ्या ट्रकचं भवितव्य या पहिल्या संध्याकाळी ठरतं. पट्टी केसभर पिळलेली राहिली तरी शेवटी एक चाक जमिनीला टेकत नाही आणि ते दुरुस्त करायला तेव्हा फार उशीर झालेला असतो. माझी पद्धत: सपाट काचेचा तुकडा (जुन्या फोटोफ्रेमची काच चालते), त्यावर चासी उलटी ठेवायची, गुण्याने काटकोन तपासायचा, पातळ गोंद कुंचल्याने सांध्यात सोडायचा आणि वर दोन जाड शब्दकोश ठेवून रात्रभर विसरायचं. सकाळी ॲक्सल नुसते टेकवून चारही कोपरे काचेवर बसतात का ते बघायचं. नाही बसले, तर गोंद पुरता घट्ट होण्याआधी पिळून सरळ करता येते.

मग पाटे, शॉक ॲब्सॉर्बर, गिअरबॉक्स, डिझेलच्या टाक्या, हवेच्या टाक्या, सायलेन्सर. हे काम मला स्वतःला फार आवडतं, कारण यात खरी गाडी कशी चालते ते हाताला कळतं. युरोपियन ट्रॅक्टरच्या (म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकच्या) पाठीमागे ज्या गुंडाळलेल्या नळ्या दिसतात, त्यातली लाल ट्रेलरच्या ब्रेकला हवा पुरवते आणि पिवळी ब्रेक मारण्याचा इशारा देते, हे मी मॉडेल करताना शिकलो. त्यानंतर एक्स्प्रेसवेवर प्रत्येक ट्रेलरच्या मानेकडे नजर जाते. घरचे म्हणतात पुढे बघून गाडी चालव.

कंटाळाही आहे, तो लपवत नाही. तीच रिम, तोच हब, तोच टायर, सहा वेळा. तीन ॲक्सलचा ट्रक असेल तर दहा वेळा. ट्रेलर घेतलात तर आणखी. चाकांचं काम एका बैठकीत करू नका, रोज दोन करा.

केबिनची भानगड वेगळी. कारची बॉडी एकसंध येते, ट्रकची केबिन मात्र बऱ्याचदा बाजू, पाठ, छप्पर अशा सुट्या पत्र्यांतून उभी करावी लागते. म्हणजे सांधे भरणं आलं. पुट्टी लावा, घासा, प्रायमर मारून बघा, पुन्हा भरा. पण एकदा उभी राहिली की रंगाच्या बाबतीत ट्रक दिलदार असतो. पृष्ठभाग सपाट आणि लहान, मध्ये मध्ये जाळ्या, पायऱ्या, दिवे. त्यामुळे नजर एका जागी ठरत नाही. आणि खाली चासीवर तर धूळ, ग्रीस, चिखल असणंच शोभतं. रंगीत खडूची पूड कुंचल्याने चाकांजवळ फासली की निम्म्या चुका गायब. कारवर हा उपाय करून बघा, लोक विचारतील गाडी धुतली का नाहीस.

क्रोमचा प्रश्न ट्रकमध्ये जास्त छळतो. टाक्या दोन अर्ध्या भागांत येतात आणि दोन्हीवर चकचकीत क्रोम चढवलेलं. गोंद प्लास्टिकला विरघळवून जोडतो, क्रोमवर तो काहीच करत नाही, म्हणून कडांवरचं क्रोम खरवडावं लागतं आणि मग सांधा उघडा दिसतो. माझा उपाय सरळ आहे: सगळं क्रोम काढून टाकायचं. घरात कपड्यांना वापरतो तो ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात भाग बुडवून ठेवले की थोड्या वेळात प्लास्टिक उघडं पडतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, ॲसिड तर मुळीच नाही. मग सांधा भरून, घासून, काळ्या चकचकीत रंगावर चांदीचा रंग मारायचा. क्रोमपेक्षा तो खऱ्या धातूसारखा दिसतो.

मधली वाट: अमेरिकन कार

दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर अमेरिकन किट. एएमटीची सुरुवात १९४८ मध्ये झाली, नावाचा अर्थ 'ॲल्युमिनियम मॉडेल टॉइज', कारण पहिली मॉडेल्स खरंच ॲल्युमिनियमची होती. १९५८ मध्ये त्यांनी 'एकात तीन' (थ्री-इन-वन) किट आणलं. एकाच खोक्यात तीन गाड्यांचा ऐवज: कारखान्यातून निघाली तशी, कस्टम केलेली किंवा शर्यतीची. जॉर्ज बॅरिससारखे खऱ्या गाड्या कापून बदलणारे नावाजलेले लोक त्यांच्यासाठी काम करत. आज ही किट्स राउंड २ ही कंपनी जुन्याच साच्यांतून पुन्हा छापते, डेकल मात्र नवे आणि फार चांगले.

इथे इंजिन आहे, बॉनेट उघडतं, आणि उरलेल्या भागांचा जो ढीग जमतो तो पुढच्या दहा गाड्यांना पुरतो. कस्टमायझिंगची गोडी लागायला यापेक्षा चांगली शाळा नाही. पण साचे साठ-साठ वर्षांचे आहेत हे विसरू नका. कडांना प्लास्टिकचे पापुद्रे असतात, ते कापावे लागतात. सूचनापत्रक 'इथे कुठेतरी लावा' अशा बाण्याचं. फार जुन्या किट्समध्ये पुढच्या चाकांचा लोखंडी ॲक्सल थेट इंजिनच्या पोटातून आरपार जातो. बघून हसू येतं, पण त्या काळी मुलं मॉडेल जमिनीवर पळवत, म्हणून चाकं फिरणं जास्त गरजेचं होतं.

तुम्ही एखादं खूप जुनं, न उघडलेलं किट विकत घेणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. टायरचं मऊ व्हिनाइल ज्या भागाला चिकटून राहिलं असेल तो भाग वितळलेला असतो. समोरची काच टायरवर पडलेली असली तर ती गेलीच. आणि डेकल पिवळे पडलेले असतात. ते उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवून ठेवले तर बऱ्यापैकी उजळतात. मी एका विक्रेत्याकडून असं 'अस्सल, सीलबंद' किट भरपूर पैसे मोजून घेतलं होतं. सील खरंच शाबूत होतं. आत काचेवर चारही टायरांचे सुबक गोल ठसे.

आपल्याकडचा पाऊस आणि आपल्याकडचा रंग

इथे कार आणि ट्रकमधला फरक सगळ्यांत जास्त जाणवतो, आणि परदेशी व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही.

लॅकर रंगातला थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड करतो. हवा दमट असली की त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं आणि चकचकीत काळ्यावर दुधाळ साय येते. मुंबई, कोकण, गोवा इथे जून ते सप्टेंबर हे हमखास घडतं. उपाय आहेत: थिनरमध्ये रिटार्डर घालून वाळणं लांबवणं, एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर रंग फवारणारं पेनासारखं हत्यार) असेल तर कॉम्प्रेसरच्या नळीवर पाणी अडवणारा ट्रॅप लावणं, पावसाची उघडीप बघून दुपारी फवारणं. मी सोपा उपाय करतो. पावसाळ्यात कारच्या बॉडीला हात लावत नाही. चार महिने ट्रकच्या चासीचे. मॅट काळ्याला साय आली तरी कुणाला कळत नाही, आणि ब्रशने इनॅमल लावायला पाऊस आड येत नाही. वाळायला फक्त जास्त दिवस लागतात.

रंग मिळवणं ही दुसरी अडचण. फवाऱ्याचे कॅन दाबाखाली ज्वलनशील द्रव्य असल्यामुळे विमानाने पाठवणं अवघड, म्हणून बाहेरून किट येतं पण त्याच्याबरोबरचा रंग येत नाही. पर्याय गल्लीतच आहे. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर आणि थिनर मिळतो, आणि खऱ्या गाडीच्या कोडवरून थोडासा रंग मिसळूनही देतात. आपल्या स्वतःच्या गाडीच्या रंगातलं मॉडेल करायचं तर याहून चांगला मार्ग नाही. पण हा रंग पत्र्यासाठी बनवलेला असतो, त्याचा थिनर प्लास्टिकला खातो. आधी चांगला प्रायमर आणि मग अगदी कोरडे, पातळ हात. मी घाई करून एकदा ओला हात मारला आणि छपरावर भेगांची नक्षी उमटली, उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी. गॅरेजमधला दोन भागांचा क्लिअर कोट काचेसारखा बसतो, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं. वाफांसाठीचा खरा, योग्य फिल्टरचा मास्क नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. कापडी किंवा सर्जिकल मास्क इथे निरुपयोगी.

कॅन की एअरब्रश? पहिल्या गाडीला कॅन. दोन-तीन गाड्यांनंतर छंद टिकला तर ०.३ मिमी नोझलचा डबल-ॲक्शन एअरब्रश आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर. कारवाल्याला तो लवकर लागतो. ट्रकवाला कॅन आणि ब्रशवर वर्षानुवर्षं काढू शकतो. एकूण खर्च मोजताना हे धरा: ट्रकचं खोकं महाग असलं तरी कारचा छंद हळूहळू जास्त पैसे मागतो.

पुट्टी, पत्रा, टाकाऊ माल मात्र इथे स्वस्त. मोठ्या फटींना एम-सील उत्तम चालतं, पाण्याच्या बोटाने गुळगुळीत होतं. रंगवलेली बॉडी झाकायला पोळ्यांचा मोठा डबा उलटा ठेवावा. आमच्याकडे आता दोन डबे आहेत, एक पोळ्यांचा.

बदल करायचे म्हटले तर

आपल्या रस्त्यावरच्या गाड्या मोठ्या कंपन्या फारशा काढत नाहीत. म्हणून मराठी घरात कस्टमायझिंगची इच्छा बहुतेकदा एका वाक्यातून सुरू होते: "आमच्याकडे होती ती गाडी करायची आहे."

जिप्सीचं उदाहरण घ्या. मारुती जिप्सी १९८५च्या अखेरीस आली, ती सुझुकी एसजे४१०ची लांब आवृत्ती. हासेगावाने १/२४ मध्ये जेए७१ जिम्नी काढली आहे, तिची जपानी धाकटी बहीण. आखूड जिम्नीचा व्हीलबेस २०३० मिमी, जिप्सीचा २३७५. फरक ३४५, भागिले २४, म्हणजे चौदा मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त. दाराच्या मागे बॉडी आडवी कापायची, तेवढा प्लास्टिक शीटचा तुकडा घालायचा, चासी त्याच जागी कापून तेवढीच वाढवायची, प्रॉपेलर शाफ्ट वाढवायला विसरायचं नाही. रुंदीतही फरक आहे. जपानच्या केई, म्हणजे सगळ्यांत छोट्या वर्गातल्या, गाड्यांना तेव्हा १४०० मिमीची मर्यादा होती, तर जिप्सी किंग १५४० मिमी रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर रुंद कडा बनवायच्या आणि चाकं तेवढी बाहेर घ्यायची. रेषा सगळ्या सरळ असल्यामुळे हे जमतं. हाच खेळ गोल अंगाच्या कारशी करायला गेलात तर वक्र जुळवताना महिने जातील. महिंद्राची उंच बॉनेटची जीप करायची असेल तर विलिज एमबीचं (दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं) किट घेऊन बॉनेट-ग्रिल नव्याने उंच करावं लागतं. तेही सपाट पत्र्यांचंच काम.

ट्रकमध्ये तर मोकळं रान आहे. आपल्याकडे कित्येक ट्रक कंपनीतून नुसत्या चासीच्या रूपात निघतात आणि केबिन, हौदा बाहेर कारागीर बांधतात. म्हणजे मूळ वस्तूच हातची आहे: सपाट पत्रा, लाकडी फळ्या, कोन. इटालेरीच्या चासीवर एक मिमी प्लास्टिक शीटची केबिन आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा हौदा उभा करणं नवख्यालाही अशक्य नाही. नक्षी, देवांची नावं, मागची ओळ यांचे डेकल घरच्या लेझर प्रिंटरवर डेकलपेपर घालून छापता येतात. फक्त साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून खालची पाटी आधी पांढरी रंगवायची. 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यावर महाराष्ट्रात २०१५ मध्ये बंदी आली, तेव्हा गाडीचं पासिंग कुठल्या सालचं दाखवायचंय ते ठरवून लिहा. जपान्यांचंही आपल्यासारखंच वेड आहे, दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेले 'देकोतोरा' ट्रक. आओशिमा ते १/३२ मध्ये काढते, आणि लायटिंग कसं बसवावं हे त्यावरून शिकण्यासारखं आहे.

तर मग काय घ्यावं

फ्लॅट लहान, घरात तान्हं बाळ किंवा दम्याचा माणूस: ट्रक घ्या, ब्रशने पाण्याचे अ‍ॅक्रिलिक रंग लावा, फवारा टाळा. गच्ची किंवा मोकळी बाल्कनी आहे आणि ऑक्टोबर ते मे हातात आहे: टामियाची इंजिन नसलेली कार घ्या, रंग पांढरा किंवा करडा निवडा. काळा, लाल आणि मेटॅलिक चौथ्या गाडीपर्यंत नकोत. लहानपणी घड्याळं उघडून बसवता न आलेले लोक ट्रककडे जातात आणि तिथेच रमतात, असा माझा अनुभव. जुन्या गाड्यांचं वेड असेल, हातात थोडी सवय असेल आणि 'चुकलं तर चुकलं' म्हणता येत असेल तर अमेरिकन किट. पहिल्याच फटक्यात मात्र नको. जिप्सी करायचीच असेल तर आधी एक किट न कापता, सूचनापत्रकाप्रमाणे पूर्ण करा. बहुतेकांचा धीर इथेच सुटतो आणि दोन अर्धी किट्स घरात पडून राहतात.

ट्रकबरोबर ट्रेलर घ्यायचा विचार असेल तर पैसे भरण्याआधी कपाटाचा कप्पा मोजा. युरोपात ट्रॅक्टर-ट्रेलरची जोडी साडेसोळा मीटरपर्यंत असते. १/२४ मध्ये ती जवळपास ६९ सेंटिमीटर होते. नेहमीच्या शोकेसमध्ये ती मावत नाही. आमची फ्रिजवर आहे, आणि फ्रिजचं दार जोरात लावलं की तिचे आरसे पडतात.